सोमवारचा पाऊस

पाऊस मोजायचा सरकारी डबा आमच्या परड्यात आला तेव्हा अर्ध्या वाडीला वाटलं, हवालदाराच्या घरी विजेचं काहीतरी बसवतायत. डबा म्हणजे जस्ती पत्र्याचं नळकांडं, तोंडाला पितळी कडं, आत नरसाळं आणि नरसाळ्याखाली एक बाटली. त्याला सिमेंटचा चौथरा बांधला आणि चौथऱ्याभोवती काटेरी तारेचं कुंपण घातलं. ज्या वाडीत शाळेला भिंत नव्हती आणि विहिरीला कठडा नव्हता, तिथं रिकाम्या डब्याला मात्र कुंपण मिळालं. तो आमच्याकडेच का, तर घड्याळ असलेला आणि ते घड्याळ पाळणारा माणूस वाडीत एकच होता. ते म्हणजे माझे वडील, अण्णा.

अण्णा फौजेतून हवालदार होऊन परत आले होते, पण फौज काही त्यांच्यातून परत गेली नव्हती. जेवायला बसायचं तेही रांगेत, आणि आईनं भाजीत मीठ कमी घातलं तर ‘कमी आहे’ असं न म्हणता ‘कम्प्लेंट हाय’ म्हणायचे. रोज सकाळी दाढी करून, खाकी अर्धी चड्डी घालून, ठोक्याला आठ वाजता ते त्या डब्यापुढे उभे राहत. क्षणभर पाय जोडत, मग बाटली काढून काचेच्या मापात पाणी ओतत आणि आकडा वहीत लिहीत. ओतायला पाणी असेल तर, अर्थात. बहुतेक दिवशी ते रिकामी बाटली रिकाम्या मापावर उपडी धरत आणि वहीत शून्य लिहीत, तेही वळणदार. डब्याबरोबर आलेला सूचनांचा कागद त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवला होता. त्यातलं ‘मापात जे दिसेल तेच लिहावे’ हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की आम्हा पोरांना शुभंकरोतीआधी ते पाठ झालं. दर शनिवारी आठवड्याचे आकडे कार्डावर उतरवून ते कार्ड तालुक्याच्या कचेरीला पाठवायचे.

घरात सत्ता होती ती अण्णांच्या थोरल्या बहिणीची, आक्काची. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती आलीच. तिचा देवांशी व्यवहार रोखठोक असायचा. देवानं काम केलं तर नारळ, नाही केलं तर चार शब्द सुनवायची. डबा बसला त्या दिवशी तिनं कमरेवर हात ठेवून तो नीट न्याहाळला. चौथरा आहे, वर गोल आहे, पितळी कडं आहे, आणि रोज सकाळी अंघोळ करून एक बाप्या त्याच्यापुढं हात जोडल्यागत उभा राहतो. “म्हंजे ह्यो सरकारचा महादेवच की गं,” ती आईला म्हणाली. आठवडाभरात कुंपणाच्या तारेला बेलाची पानं अडकवलेली दिसायला लागली. अण्णा रोज ती काढून टाकत आणि म्हणत, “आक्का, ही सरकारी प्रॉपर्टी हाय.” त्यावर आक्का म्हणायची, “मग सरकारला काय देव नसतो व्हय रं?”

आई उंब्रजची. तिच्या माहेरी उसाला पाणी पाजून वर ते बांधावरून वाहायचं, असं ती सांगायची, आणि सांगताना उसासा टाकायची. तिला तो डबा डोळ्यांपुढे नको असे. “आमच्याकडं पाऊस पडतो, त्यो मोजत न्हाईत. हितं पडत न्हाई, तर मोजत्यात,” असं ती म्हणायची. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, कोयनानगरला धरणावर फिटर होता. त्याची पत्रं यायची ती ओलसर, शाई पसरलेली. पंधरा दिवस ऊन नाही, कपडे चुलीवर वाळवतो, चपलांवर बुरशी आली, परवा पुन्हा जमीन हलली, बाकी ठीक. आई ते पत्र मोठ्यानं वाचायची आणि आम्ही सगळे जमिनीच्या भेगांत पाय सोडून ऐकायचो. जिल्हा एकच बरं का! कोयनेचा पाऊस आणि आमचं शून्य एकत्र करून कुणीतरी सरासरी काढायचं आणि त्या सरासरीत आम्हीसुद्धा दरसाल बऱ्यापैकी भिजायचो.

आमची वरची वाडी सातारा जिल्ह्याच्या पार शेवटाला. वाडीखाली नाला, नाल्यापलीकडे खालची वाडी, आणि ती सांगली जिल्ह्यात. नाल्यात पाणी असतं तर हद्द तरी दिसली असती. इकडच्या पोरी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे. दोन्हीकडची कोंबडीसुद्धा जिल्हा न विचारता ये-जा करायची. पाऊसही तसाच लहरी. कधी त्या काठाला सर यायची आणि ह्या काठाला धुरळा, कधी उलट. म्हणून पाऊस झाला की नाही यावर दोन शेजाऱ्यांत भांडण लागणं आमच्याकडे काही नवल नव्हतं, आणि पुढे जे झालं ते होऊ शकलं त्याला हेही एक कारण.

त्या मोठ्या दुष्काळात शून्याला दुसरा आकडाच उरला नाही. मृग गेला, आर्द्रा गेल्या, ढग यायचे ते पाहुण्यासारखे दारातून डोकावून उंब्रजच्या वाटेनं निघून जायचे. रेशनवर लाल मिलो आला, परदेशातली ज्वारी. त्याची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडकायची. आई ती हुलग्याच्या पातळ माडग्यात कुस्करून द्यायची. पाणी नाल्यातल्या झऱ्याचं. खड्ड्यात उतरून वाटीवाटीनं घागर भरायची, आणि वाटी दगडाला घासल्याचा तो खर्रर्र आवाज दिवसभर सगळ्या वाडीला ऐकू यायचा. आज फ्लॅटमध्ये कुणी भांडं खरवडलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. आईनं प्रत्येकाला प्यायला दिवसाचा एक तांब्या ठरवून दिला होता. आक्काचा तांब्या तांब्याचा, त्यावर तिचं फुलपात्र पालथं. श्रावण लागला तशी ती म्हणाली, यंदा सोमवार निर्जळी करणार. आई म्हणाली, “आवं आक्का, ह्या वयात?” आक्का म्हणाली, “माज्या वाटचं पानी, मी काय बी करीन.”

सगळ्यांचं लक्ष होतं ते दुष्काळी गावांच्या यादीकडे. यादीत नाव आलं तर आमच्या नाल्यावर पाझर तलावाचं काम निघणार, घराजवळ रोजगार मिळणार, जनावरांना चारा येणार. नाही आलं तर वाडी उठणार. मेंढरंवाले शिदूतात्या कळप घेऊन कुठं कुठं जाणार, आणि आम्ही बैलांसकट उंब्रजला, आईच्या माहेरी. सासरवाडीच्या ओसरीवर पथारी टाकायची, यापेक्षा अण्णांना सीमेवरची गोळी सोपी वाटली असती. “यादीत येणारच,” ते म्हणत. “वहीत शून्यं हायत. शून्याला कोण खोटं म्हननार?”

असं म्हणत ते विहीर खोल करायला उतरले आणि दगड निसटून मांडीचं हाड मोडून घेऊन वर आले. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून त्यांना आतल्या खोलीत बाजेवर आडवं केलं. डब्याचा चार्ज माझ्याकडे आला. मी सातवी पास होते, आकडे नीट काढत होते, आणि घरात तेवढंच भांडवल होतं. रोज आठ वाजता मी बाटली काढायची, मापावर उपडी करायची आणि आतून अण्णांचा आवाज यायचा, “रिपोर्ट?” मी ओरडायची, “शून्य!” मग आत बाज तेवढी करकरायची. ते शून्य रोज त्या अंधाऱ्या खोलीत फेकायचा मला इतका वीट आला होता की काय सांगू! वाटायचं, आपणच त्यांना रोज एक दगड मारतोय.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी बाटलीत पाणी होतं. मी मापात ओतलं, डोळे चोळून पाहिलं. आतून आवाज आला, “रिपोर्ट?” मी म्हणाले, “अण्णा, धा मिलिमीटर!” बाज अशी करकरली की मला वाटलं ते पडले. धावत गेले तर अण्णा कोपरावर उठून बसले होते आणि हसत होते. तो माणूस दात दाखवून हसतो हे मला तेव्हा कळलं. “रातीला पडला असंल. झोपंत कळला न्हाई. जिमीन वली हाय का?” परड्यात कोंबडीच्या पायाचे ठसे धुळीत कोरडेठाक दिसत होते. मी म्हणाले, “जिमिनीनं पिऊन टाकला असंल.” मापात दिसलं तेच वहीत लिहिलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. नियमानं पाहिलं तर माझं काहीच चुकलं नव्हतं. नियमाचा असा उपयोग पुढे नोकरीत मी पुष्कळांना करताना पाहिला, पण सुरुवात माझी लवकर झाली.

दुसऱ्या सोमवारी मी फटफटतानाच उठून दाराच्या फटीशी बसले. आक्का अंघोळ म्हणून ओल्या फडक्यानं अंग पुसून, पदर खोचून आली. कुंपणाची तार वाकवून आत गेली. फुलपात्र दोन्ही हातांनी धरून तिनं त्या डब्यावर हळूहळू धार सोडली, कपाळ पितळी कड्याला टेकवलं आणि म्हणाली, “आमचं ऱ्हाऊ दे. तू तरी कोरडा ऱ्हाऊ नगंस.” मग तार होती तशी केली आणि सारवायला बसली. दिवसभर ओठांना पाणी लावलं नाही. तिच्या निर्जळी उपासाचं पाणी कुठं जातं ते मला समजलं. आणि तरीही, देवाशपथ सांगते, आठ वाजता मी ओरडले, “अण्णा, नऊ!” का ओरडले? अण्णांचा चेहरा हे एक कारण, आणि आक्काचा चेहरा हे दुसरं. तिसरं कारण माझ्या भित्रेपणाचं. एकदा धा म्हटलेलं पोरगी मागं कसं घेणार?

शिदूतात्या अण्णांना बघायला आले तेव्हा पावसाचं निघालंच. तात्या म्हणाले, “कुठला पाऊस रं हवालदारा? माजी मेंढरं तुज्या परड्यामागंच बसल्यात. एकाची तरी लोकर वली झाली असती.”

“तुज्या मेंढरावर नसंल पडला. पाऊस काय घरोघर वाटत हिंडतो?”

“आन् तुज्या डब्यावर तेवढा पडतो?”

“माप खोटं बोलत न्हाई, तात्या.”

मी दाराआड उभी होते. असे चार सोमवार झाले आणि चार शनिवारी चार कार्डं गेली.

भाद्रपदात जीप आली. महसूल खात्याचे सर्कलसाहेब उतरले तेव्हा सगळी वाडी परड्यात जमा झाली होती. पोरींनी केस विंचरले होते, जणू यादी आमची स्थळंच घेऊन आली होती. अण्णा काठीवर रेलून बाहेर आले. साहेबांनी कागद उलटा-सुलटा केला आणि सांगितलं, खालची वाडी सांगलीच्या यादीत आहे, तिथं तलावाचं काम सुरू होईल. वरची वाडी आपल्या यादीत नाही. “तुमच्याकडे श्रावणात पाऊस बरा झालाय, हवालदार. दर आठवड्याला चांगली सर आहे. वही सांगते.”

“कवा झाला सायेब?” शिदूतात्या म्हणाले. “आमाला सांगाया तरी पायजे हुतं, भिजाया आलो असतो!”

लोक हसले, पण लगेच थांबले. कुणीतरी म्हणालं, खालच्या वाडीत आणि आमच्यात नाल्याचंच अंतर, मग त्यांना दुष्काळ आणि आम्हाला पाऊस कसा? साहेब म्हणाले, “त्यांच्याकडे डबा नाही. तिथं सांगलीवाल्यांनी डोळ्यांनी पाहणी केली.” म्हणजे ज्यांच्याकडे मोजायला काही नव्हतं त्यांचा दुष्काळ दिसला, आणि आमचा मापात बुडाला. सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णांची मान ताठ. “वही खोटी न्हाई,” ते म्हणाले. “माज्या घरची वही हाय.”

“मग काय माजी मेंढरं खोटी?” तात्या ओरडले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “शालन, रिपोर्ट दे.”

मी डब्याकडे पाहिलं. तेवढ्यात आक्का बायकांना बाजूला सारत पुढे आली, तीही मोठ्या अभिमानानं. “तिला काय इचारतासा? पाऊसबिऊस काय न्हाई. मी घालती पानी. दर सोमवारी, फुलपात्रभर. सरकारचा महादेव तसाच तान्हेला ठेवायचा व्हय?”

साहेबांना आधी हसू आलं. मग त्यांनी टोपी काढली आणि डब्याच्या तोंडाकडे बोट करून सांगितलं, “आजी, या एवढ्याशा तोंडात पडतं ना, तेवढंच सगळ्या वाडीवर पडलं असं धरतात. तुमचं फुलपात्र सगळ्या शिवारावर मोजलं गेलं.”

आक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. “सगळ्या शिवारावर? माज्या फुलपात्रात एवढं पानी हुतं?”

मी मोठ्यानं म्हणाले, “अण्णा, मला म्हाईत हुतं. दुसऱ्या सोमवारपास्नं.” आणि रडायला लागले. अण्णांनी साहेबांना विचारलं, आकडे खोडता येतील का. साहेब माणूस वाईट नव्हता. ते खरोखरच अवघडून म्हणाले, “वर गेलेत हो आकडे. पाऊस पडला नाही तर मी काही लिहू शकतो. पडलेला पाऊस मला रद्द करता येत नाही.” तरी अण्णांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला, ‘माझ्या वहीतील चार सोमवारचा पाऊस खोटा असून तो कृपया काढावा.’ अर्ज विचाराधीन असल्याचं उत्तर आलं, ते पुढच्या वर्षीच्या पावसात भिजून.

खालच्या वाडीतल्या कामावर आमची माणसं जाऊ लागली. प्रत्येकाची कुणी ना कुणी आत्या, मेहुणी तिथं होतीच. तिच्या घरचं म्हणून नाव लावायचं. मुकादम सगळ्यांना ओळखत होता आणि कुणालाच ओळखत नव्हता. आई गेली, आक्का गेली, मी गेले. अण्णा आठ दिवस बाजेवर बसून राहिले. नवव्या दिवशी बैलांपुढे टाकायला काडी उरली नाही तेव्हा काठी टेकत माझ्याबरोबर नाला उतरले. खडी फोडायला पाय लागत नाहीत, एवढंच वाटेत बोलले. मुकादमानं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. मग त्यानं विचारलं, “गाव?” अण्णा थांबले. उभ्या हयातीत या माणसानं खोटा रिपोर्ट दिला नव्हता. ते पुटपुटले. मुकादम म्हणाला, “काय? मोठ्यानं बोला.” मग अण्णांनी मोडका पाय दुसऱ्या पायाला जोडला आणि परेडवर देतात तशा आवाजात सांगितलं, “खालची वाडी!” माझ्या बापाला मी खोटं बोलायला लावलं, हे तेव्हा मला कामावर खायला वाटायच्या सुकडीच्या वासात आणि हातोड्यांच्या आवाजात जे लागलं ते आजही लागतं. ते मला यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या सोमवारी खडीवर दुपारची सुट्टी झाली. आक्का पदरानं तोंड झाकून सावलीत बसली होती. अण्णांनी स्वतःचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. “पी.”

“सोमवार हाय रं.”

“सोमवारी बी प्यायचं. ही ऑर्डर हाय.”

आक्कानं एकदा आमच्या वाडीच्या दिशेनं पाहिलं, जिथं तो डबा होता, आणि फुलपात्र तोंडाला लावलं. निम्मं प्यायली, निम्मं मला दिलं.

आता आमच्या त्या शिवारात ऊस उभा आहे. कुठलं तरी पाणी डोंगर चढून आलं म्हणतात, आणि उंब्रजचे मामेभाऊ यंदा पावसानं दगा दिला म्हणून फोनवर रडतात. दुष्काळ जागा बदलतो, वर्षं बदलतो, असं माझी नात सांगते. ती सांगलीला माझ्याकडे राहून त्याचाच अभ्यास करते. जुन्या वह्या कुणीतरी संगणकात भरल्यात, त्यावरून ती नकाशे रंगवते. परवा तिनं मला हाक मारली. “आजी, हे बघ. सगळीकडे कोरडं आणि या एका ठिपक्यावर चार दिवस पाऊस. चारही सोमवार. असा कुठं पाऊस असतो?”

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग हे चूक आहे गं. काढायला हवं.” मी म्हटलं, “काढ. तुझ्या पणजोबांचा अर्ज आहे, कधीचा पडून.” तिनं एकेक आकडा खोडून शून्य घातलं. पहिला सोमवार, दुसरा, तिसरा, चौथा. अण्णांची वही एकदाची खरी झाली, आणि माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, “रिपोर्ट, शून्य.” पण जिवाला काही चैन पडेना. मी उठले, आक्काचं फुलपात्र अजून माझ्याकडे आहे, ते माठातून काठोकाठ भरलं आणि तिच्या त्या यंत्राशेजारी आणून ठेवलं.

“एवढं होतं,” मी म्हटलं. “हे कुठं लिहिशील?”

पोरीनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग फुलपात्र दोन्ही हातांनी उचललं आणि एक थेंब न सांडता पिऊन टाकलं.